पाण्याची चावी आणि इच्छाशक्तीचा प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या एका सभागृहात शहराच्या पाणीप्रश्नावर चर्चासत्र झाले. मी ते शेवटपर्यंत ऐकले. व्यासपीठावर दोन मते होती. एका गटाच्या मते हा प्रश्न मुळात तांत्रिक आहे: जुन्या वाहिन्या बदला, मीटर बसवा, गळती शोधा आणि पाणीपुरवठा राजकारण्यांच्या हातून काढून तज्ज्ञांच्या स्वतंत्र मंडळाकडे सोपवा. दुसऱ्या गटाच्या मते पुढारी भ्रष्ट आहेत, माणसे बदलली की पाणी येईल. दोन तास वाद रंगला आणि अखेर दोन्ही गटांचे एका वाक्यावर एकमत झाले: ‘राजकीय इच्छाशक्तीचा अभाव आहे.’ टाळ्या पडल्या, आभारप्रदर्शन झाले, सभा संपली. शाळांवर, शेतीवर, सरकारी दवाखान्यांवर झालेल्या चर्चांच्या शेवटीही मी हेच वाक्य ऐकत आलो आहे आणि त्यातून पुढे काही निघाल्याचे मला आठवत नाही.

माझे मत आधीच सांगतो. इच्छाशक्तीचा अभाव म्हणणे म्हणजे रोगाला दुसरे नाव देणे आहे. ते निदान नव्हे. एखादी सुधारणा का होत नाही हे समजून घ्यायचे असेल, तर आजच्या व्यवस्थेत कुणाचे काय साधते, बदल झाला तर कुणाचे काय जाईल, ज्याचे जाईल त्याच्या हाती ती अडवण्याची कोणती साधने आहेत आणि ज्याला मिळेल तो संघटित आहे की विखुरलेला, हा हिशेब आधी मांडावा लागतो. अभ्यासक त्याला राजकीय अर्थकारणाचे विश्लेषण म्हणतात. विकसनशील देशांतल्या सुधारणांसाठी हा हिशेब तांत्रिक आराखड्याइतकाच आवश्यक आहे. आणि तो सल्लागारांच्या गोपनीय अहवालात न राहता लोकांसमोर मांडला गेला पाहिजे.

अशोक चौकाच्या पलीकडे, शहराच्या पूर्व भागात, पाण्याचा दिवस कसा जातो ते पाहिले म्हणजे हे सारे पुस्तकी वाटणार नाही. माझ्या ओळखीच्या एका घरी सासू आणि सून दोघी विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. पाने भिजवून ठेवायची, कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायचे आणि ठरल्या वेळी माल कारखान्यात पोचवायचा, असा त्यांचा दिवस आखलेला असतो. चार-पाच दिवसांआड येणारे पाणी हा सगळा क्रम मोडून टाकते. चावीवाला, म्हणजे भागाभागाच्या पाण्याची चावी फिरवणारा पालिकेचा माणूस, नेमका कधी येईल हे ठाऊक नसल्यामुळे दोघींपैकी एकीला उंबऱ्याशी थांबावे लागते. नळ सुटला की सुरुवातीला गढूळ पाणी येते. ते निवळेपर्यंत शेजारच्या दोन घरांच्या मोटारी सुरू होतात आणि यांच्या नळाची धार करंगळीएवढी होते. ड्रम, घागरी, बादल्या आणि शेवटी पातेली भरेपर्यंत दुपार टळून जाते. त्या दिवशी हजाराच्या जागी सहाशे-सातशेच विड्या होतात. पाणीपट्टी मात्र वापरावर नव्हे तर नळाच्या आकारावर ठरत असल्याने, जमिनीखाली मोठा हौद असलेल्या बंगल्याला जी रक्कम, तीच या घराला.

आता या व्यवस्थेत कुणाचे काय साधते ते पाहा. ज्याच्याकडे हौद आणि मोटार आहे त्याला चार दिवसांआडचे पाणी फारसे जाचत नाही, उलट ठरावीक पट्टीत हवे तेवढे ओढता येते. टँकरवाल्याचा आणि जारचे पाणी विकणाऱ्याचा व्यवसाय या अनियमिततेवर उभा आहे. चावीवाल्याला एक फोन करून आपल्या गल्लीला अर्धा तास जादा पाणी मिळवून देणाऱ्या स्थानिक पुढाऱ्याचे वजनच त्या फोनवर टिकून आहे. रोज ठरल्या वेळी पाणी आले तर लोक त्याच्या दारी कशाला जातील? यांतला कोणीही मोठा कटवाला नाही. प्रत्येक जण आपल्या जागी शहाणपणानेच वागतो आहे आणि त्या सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज त्या विडी वळणाऱ्या घराच्या बुडालेल्या मजुरीत होते. मीटरचा प्रस्ताव पुढे सरकत नाही तो अभियंत्यांना मीटर बसवता येत नाही म्हणून नव्हे. ज्यांचे त्यात जाईल त्यांना ते आजच पक्के ठाऊक आहे. ज्यांचे भले होईल त्यांचा मात्र त्यावर विश्वास नाही.

इच्छाशक्तीच्या सिद्धांताची परीक्षा घ्यायची तर लांब जायला नको. २०२० साली केंद्र सरकारने तीन कृषी कायदे आणले. ते चांगले होते की वाईट, हा वाद बाजूला ठेवू. संसदेत बहुमत होते, नेतृत्व खंबीर होते, इच्छाशक्तीची वानवा होती असे कोणी म्हणणार नाही. तरी नोव्हेंबर २०२१ मध्ये ते मागे घ्यावे लागले. कारण पंजाब-हरियाणातल्या शेतकऱ्याचे गहू-तांदळाच्या सरकारी खरेदीशी आणि अडत्याशी असलेले नाते आणि त्याची संघटित ताकद यांचा हिशेब आधी झाला नव्हता. दुसरा अनुभव आपल्याच शहराचा. मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते, सारा कारभार प्रशासकाकडे होता. राजकारण बाहेर काढले की पुरवठा सुधारतो हे खरे असते, तर त्या काळात शहराला रोज पाणी मिळायला हवे होते. मिळाले का?

या विचाराचा अलीकडचा इतिहास थोडक्यात असा. १९८० आणि १९९० च्या दशकांत जागतिक बँकेसारख्या संस्था कर्जाबरोबर अटी घालत असत: अमुक कायदा करा, तमुक मंडळ नेमा. अटी कागदावर पुऱ्या होत, कायदे होत, मंडळांना इमारती मिळत आणि जमिनीवरचा व्यवहार पूर्वीसारखाच चालू राही. या अनुभवातून २००० नंतर ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याने आणि इतर काही देशांच्या मदतसंस्थांनी, ज्या देशाला मदत करायची तिथली सत्तेची आणि हितसंबंधांची रचना अभ्यासायला सुरुवात केली. २०१७ च्या जागतिक विकास अहवालात तर जागतिक बँकेनेच मान्य केले की धोरणे फसण्यामागे बऱ्याचदा ज्ञानाचा किंवा पैशाचा तुटवडा नसून सत्तेतली विषमता असते. मात्र ही दृष्टी आपल्याला बाहेरून मिळाली असे समजण्याचे कारण नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले, तेव्हा इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे सिद्धांत इथल्या समाजाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हाच त्यांचा मुख्य मुद्दा होता.

उसन्या आराखड्याचे काय होते याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २००५ साली महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. पाण्याचे वाटप आणि दर स्वतंत्र प्राधिकरणाने ठरवावेत, पाणी मोजून द्यावे, असा त्याचा गाभा होता; देशातले असे हे पहिले प्राधिकरण, आणि त्याच वर्षी जागतिक बँकेच्या कर्जातून जलक्षेत्र सुधार प्रकल्पही सुरू झाला. उसासारख्या बारमाही पिकांना ठिबकची अट घालण्याची तरतूदही त्यात होती. कायदा म्हणून तो नेटका होता. परंतु पिण्यासाठी किती, शेतीसाठी किती आणि उद्योगासाठी किती पाणी, हे ठरवणे म्हणजे या राज्यात सत्तेचा गाभाच आहे. तो अधिकार मंत्रिमंडळ एका प्राधिकरणाला सोडून देईल, हे गृहीत कुणी तपासले होते? २०११ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि हा अधिकार पुन्हा शासनाकडे गेला. ठिबकची तरतूद पुस्तकात राहिली आणि आपल्या जिल्ह्यातला ऊस आजही मोठ्या प्रमाणात पाटपाण्यावर उभा आहे.

या दृष्टीवर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत आणि त्यांतले काही मला स्वतःला बोचतात. पहिला आक्षेप असा की परक्या मदतसंस्थांना दुसऱ्या देशाच्या राजकारणाची चिरफाड करण्याचा अधिकार कोणी दिला? ज्या ज्ञानाने अडथळा कुठे आहे हे कळते, त्याच ज्ञानाने लोकांना डावलून सौदा कसा करायचा हेही कळते. दुसरा आक्षेप त्याहून गंभीर आहे. हितसंबंधांचा हिशेब मांडत बसलो की जे बलवान आहेत त्यांच्या सोयीने न्यायाला मुरड घालण्याची सवय लागते. ‘आत्ता राजकीयदृष्ट्या शक्य नाही’ हे वाक्य अभ्यासपूर्ण वाटू लागते आणि ज्याचा हक्क बुडतो तो आणखी एक पिढी वाट पाहतो. अस्पृश्यतेविरुद्ध लढणाऱ्यांनी शक्याशक्यतेचा विचार केला असता, तर चवदार तळ्याचे पाणी कोणी प्याले असते का? तिसरा आक्षेप अभ्यासकांचाच आहे: असे विश्लेषण घटना घडून गेल्यावर फार हुशारीने बोलते, आधी मात्र फक्त ‘परिस्थिती गुंतागुंतीची आहे’ एवढेच सांगते.

पहिला आक्षेप मला बराचसा मान्य आहे. म्हणूनच हा हिशेब बंद खोलीत होऊ नये असे मी म्हणतो. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराचा पाणीपुरवठा १९९९ साली खासगी कंपनीकडे देण्यात आला, दर भडकले आणि लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतः खोदलेल्या, सामूहिक रीतीने चालवलेल्या विहिरींवरही गदा येणार असे दिसले. शहरी ग्राहक आणि आसपासचे पाटपाण्यावरचे शेतकरी एकत्र रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २००० मध्ये करार रद्द झाला. त्या विहिरी कुणाच्या आहेत हे तिथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारले असते तरी कळले असते. परंतु याच उदाहरणावरून हेही दिसते की परक्यांनी विश्लेषण करू नये यावरून विश्लेषणच करू नये असे ठरत नाही. आपला हिशेब आपण मांडला नाही, तर तो दुसरा कोणीतरी मांडेल आणि आपल्याला दाखवणार नाही.

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर देताना मला छत्रपती शाहू महाराजांचे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण न्यायाच्या बाबतीत तडजोड केली असा आरोप त्यांच्यावर कोणी करू शकत नाही. गावाचे दप्तर, जमिनीच्या नोंदी आणि वसुलीचा हिशेब पिढीजात कुलकर्ण्याच्या हातात होता. रयतेला लिहिता-वाचता येत नव्हते आणि म्हणून ती त्या दप्तराची बांधील होती. १९१८ साली महाराजांनी कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. हा हुकूम त्यांना गादीवर येताच काढता आला नसता का? इच्छा तेव्हाही होती. पण वतन रद्द केले आणि दप्तर वाचणारा दुसरा माणूसच नसला, तर महिन्याभरात कुलकर्ण्यालाच परत बोलवावे लागले असते. तीच कुलकर्ण्यांची खरी ताकद होती. आधी निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली, १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम झाला, १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आले. बहुजन समाजातून शिकलेली मुले तयार झाली, त्यांना तलाठ्याचे प्रशिक्षण दिले गेले आणि वतनावरचा घाव अशा वेळी पडला की विरोध प्रखर असूनही कारभार अडला नाही. ध्येय कुठेही कमी केलेले नव्हते. क्रम विचारपूर्वक लावलेला होता. चवदार तळ्याचे तसेच आहे. १९२७ चा सत्याग्रह आकस्मिक नव्हता. त्याआधी मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. आपल्या बाजूला काय आहे आणि विरुद्ध बाजूला काय आहे हे पुरते जाणून टाकलेले ते पाऊल होते.

दुसरे उदाहरण दुष्काळी सोलापूरला नव्याने सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे आजही आपल्या घराघरांत आहेत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना पुढे कायदा झाली आणि १९७९ पासून अमलात आली. मजुराला मागेल तेव्हा काम, ही एवढी मोठी मागणी बागायतदारांचे वर्चस्व असलेल्या विधिमंडळात मंजूर झालीच कशी? पैसा मुख्यतः शहरी पगारदारांच्या व्यवसाय करातून येणार होता, त्यामुळे ग्रामीण आमदाराच्या मतदाराच्या खिशाला फारसा हात लागत नव्हता. पाझर तलाव, रस्ते, बांध यांचा लाभ जमीनवाल्यांना होणार होता. मुंबईला कर द्यावा लागला, तरी दुष्काळात शहराकडे येणारे लोंढे गावातच थांबणार होते. मजुराचा हक्क या तिहेरी जुळणीवर उभा राहिला. तिची उणीवही त्याच जुळणीतून आली: अनेक कामांचा टिकाऊ लाभ मजुरापेक्षा बड्या शेतकऱ्याला अधिक झाला. मी ती उणीव लपवत नाही. परंतु पुढे २००५ साली देशभर झालेल्या रोजगार हमी कायद्याला आधार मिळाला तो याच अनुभवाचा.

तिसरा आक्षेप, म्हणजे विश्लेषण आधी काही सांगत नाही, हा आळशी विश्लेषणाला लागू पडतो. कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह इथे १९९३ साली पाणीपुरवठ्यातले सुमारे ७२ टक्के पाणी हिशेबाबाहेर जात होते आणि त्यातल्या कित्येक चोरट्या जोडण्या खात्याच्या कर्मचाऱ्यांच्याच आशीर्वादाने चालत. एक सोन चान (‘एक’ हे त्यांचे आडनाव) या खात्याचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी वसुली झोपडपट्टीपासून सुरू केली नाही. आधी कर्मचाऱ्यांचा पगार आणि कामगिरी यांची सांगड घातली, सगळीकडे मीटर बसवले आणि थकबाकीसाठी मंत्रालयांच्या आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या दारी गेले. एका सेनाधिकाऱ्याने त्यांच्यावर पिस्तूल रोखले, तरी त्यांनी परत येऊन त्याची जोडणी तोडली. बड्यांकडून वसुली होते हे दिसल्यावर सामान्य लोक पैसे भरू लागले, गरिबांना जोडणीसाठी सवलत मिळाली आणि पंधरा-सोळा वर्षांत गळती सहा टक्क्यांच्या आसपास आली. तिथली राजवट लोकशाहीवादी नव्हती आणि ते प्रारूप उचलून इथे आणता येणार नाही, हे उघड आहे. आणण्यासारखी गोष्ट एकच आहे: प्रथम कुणाला हात लावायचा हे तिथे आधी ठरवले होते.

आपल्या जिल्ह्यापुरता हा हिशेब मांडला तर तो उसापाशी येऊन थांबतो, आणि इथे आपल्या शहरातल्या सुशिक्षितांशी माझा मतभेद आहे. उजनी धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेले तळचे पाणी. धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या खाली, गेले की शहरात उसाच्या शेतकऱ्याला दोष देण्याची चढाओढ लागते. कमी पावसाच्या या जिल्ह्यात राज्यातले सर्वाधिक साखर कारखाने आहेत हे खरे. पण तो शेतकरी ऊस का लावतो? उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे, न्यायला कारखान्याची गाडी दारात येते, उसावर पीककर्ज सहज मिळते. तुरीचा भाव पेरणीला एक आणि काढणीला दुसरा. ज्वारीला खात्रीचा ग्राहक नाही. सांगोल्याच्या शेतकऱ्याने ठिबकवर डाळिंब उभे केले ते कोणी सक्ती केली म्हणून नव्हे, बाजार दिसला म्हणून. उसाचे पाणी कमी करायचे असेल तर तुरीच्या आणि ज्वारीच्या खरेदीची हमी आधी आणि ठिबकची सक्ती नंतर, असा क्रम लागेल. आणि कारखान्यांना काही वर्षे कमी ऊस मिळेल, त्यांच्या कर्जाचे काय, या प्रश्नाचे उत्तरही त्याच आराखड्यात असावे लागेल. फिलिपिन्सने २०१२ साली तंबाखू आणि दारूवरचा कर वाढवला, तेव्हा वाढीव उत्पन्नातला मोठा वाटा गरिबांच्या आरोग्याकडे वळवला आणि एक वाटा तंबाखू पिकवणाऱ्यांसाठी ठेवला. वर्षानुवर्षे अडलेला कायदा तेव्हा कुठे पार पडला. ज्या शहरात हजारो स्त्रियांची चूल विडीवर पेटते, तिथल्या वाचकाला या दुसऱ्या वाट्याचे मोल वेगळे सांगायला नको.

त्याच विडी कामगार स्त्रियांनी या शहरात जे घडवले, ते आपण पुरेसे अभ्यासलेले नाही. कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी कुंभारीच्या माळावर आधी गोदूताई परुळेकर वसाहतीची हजारो घरे आणि नंतर रे नगर उभे केले. रे नगरची पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये प्रत्यक्ष ताब्यात मिळाली. राज्यात आणि दिल्लीत सरकारे बदलत राहिली, मागणी करणारी संघटना लाल बावट्याची होती, तरी काम झाले. प्रत्येक घराला नाव होते, प्रत्येक स्त्रीने आपला हिस्सा भरला होता, आणि त्या मोजता येण्याइतक्या, एका ठिकाणी जमणाऱ्या होत्या. मग याच स्त्रियांना पाण्यासाठी असेच एकत्र का येता आले नाही? माझे उत्तर असे की पाण्याची मागणी तशी बांधली गेली नाही. ‘रोज पाणी द्या’ ही मागणी सगळ्यांची आहे, म्हणून ती कुणाचीच नाही. शिवाय ‘चोवीस तास पाणी’ हे आश्वासन इतक्यांदा ऐकले आहे आणि उजनीहून शहराकडे यायची दुसरी, समांतर जलवाहिनी इतकी वर्षे रखडली होती, की त्यासाठी कामाचा दिवस मोडायला कोणी तयार होत नाही.

म्हणून सुरुवात मीटरपासून नको, वेळेपासून व्हावी. चावी कोणत्या भागाला कोणत्या दिवशी किती वाजता सुटणार आणि किती वेळ चालू राहणार, हे वेळापत्रक प्रत्येक पेठेच्या, प्रत्येक नगराच्या भिंतीवर रंगवावे. चुकले तर कारणासह दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीवर लिहावे. त्याला नवी वाहिनी लागत नाही, कर्ज लागत नाही; फक्त फोनवर मिळणारे अर्ध्या तासाचे जादा पाणी बंद होते, आणि विरोध नेमका कुठून येतो तेही सर्वांना दिसते. त्यानंतर मीटर यावेत ते मोठ्या इमारती, मंगल कार्यालये, दवाखाने, सरकारी कचेऱ्या आणि थकबाकीदार बड्या ग्राहकांकडे. पूर्व भागातल्या घरांकडे ते सर्वांत शेवटी यावेत. त्या सासू-सुनेकडे मी मीटरचा विषय काढला, तेव्हा त्यांनी पैशाबद्दल काही विचारले नाही. पाणी ठरल्या वेळेला येणार का, एवढेच विचारले. आणि येणार असेल तर संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडायला दोघी तयार आहेत.